‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा भोसरीतल्या एका मित्राने तळतळून लिहिलं. त्याचं छोटं प्रेस शॉप आहे, म्हणजे यंत्राच्या दाबाखाली पत्र्याचे भाग कापणारा कारखाना. बुधवारी धडधाकट घरी गेलेला हेल्पर गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी सुजलेलं मनगट घेऊन आला आणि म्हणाला, मंगळवारी डाय, म्हणजे प्रेसचा जड साचा, उचलताना लागलं. मित्राचं म्हणणं, ‘सुट्टीत क्रिकेट खेळला असणार. चोवीस तासांत सांगितलं नाही तर भरपाई नाही, असा कायदाच पाहिजे.’ बाकीच्यांनी भराभर अंगठे वर केले. जिथे बोटं तुटतात त्या प्रेस शॉपच्या गप्पांत अंगठे उधळलेले बघून मला जरा कसंसंच झालं.

त्याची चीड मला कळते. खोटं सांगणारेही असतात. पण मी स्वतः उशिरा सांगणाऱ्यांपैकी आहे.

श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात दुसऱ्या वर्षी ट्रॉलीचा दांडा माझ्या गुडघ्यावर आदळला. चार दिवस मी गप्प. त्याआधीची सहा वर्षं चाकणला काढली होती. तिथे गेटवर फळा असायचा: ‘अपघातविरहित दिवस’ आणि पुढे खडूने आकडा. तो आकडा आपल्यामुळे शून्यावर यावा असं कुणालाच वाटत नसे. बोटाला चिंधी गुंडाळून पाळी पुरी करायची, संध्याकाळी खाजगी दवाखान्यात टाके घालायचे, बिल सुपरवायझर भागवणार. दुखणं अंगावर काढायची ही सवय मी बॅगेत घालून जर्मनीला आणली होती.

पाचव्या दिवशी पँट गुडघ्यावरून वर जाईना, तेव्हा माइस्टरला, म्हणजे आमच्या फोरमनला, सांगावं लागलं. बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्याने भिंतीवरच्या प्रथमोपचार पेटीतून ‘फेरबांडबुख’, म्हणजे जखमांची नोंदवही, काढलं. दिवस, वेळ, जागा, कसं लागलं, कुणी पाहिलं, पट्टी कुणी बांधली, असे रकाने. ही नोंद पाच वर्षं जपून ठेवावी लागते. किरकोळ खरचटलं तरी लिहितात, कारण खरचटलेलं पुढे चिघळतं. ‘कुणी पाहिलं’पाशी माझं पेन अडलं. मग त्याने मला ‘डी-आर्त्स्ट’कडे पाठवलं. कामावरच्या अपघातांसाठी नेमलेला हा डॉक्टर. ‘चार दिवस काय करत होतात?’ हे त्यानेही विचारलं, उत्तर लिहून घेतलं. पुढे कामावरच्या अपघातांचा विमा बघणाऱ्या संस्थेची प्रश्नावली आली आणि दुखणं जुनंच नाही ना, यावर बरीच घासाघीस झाली. म्हणजे उशिराची किंमत इथेही मोजावी लागते. मात्र माइस्टरला माझी नोंद लपवण्यात काहीच फायदा नव्हता. बिस्मार्कच्या 1884 च्या कायद्यापासून या विम्याचा हप्ता सगळाच्या सगळा मालक भरतो आणि त्या बदल्यात कामगाराला सहसा त्याला कोर्टात खेचता येत नाही.

आता गंमत अशी की आपल्याकडेही ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, सांगाडा जवळपास तोच आहे. विमा असलेल्या कामगाराला मालकाने खिशातून भरपाई द्यायची नसते. अपघात नोंदवहीही असते. आणि 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने तर माझ्या मित्राला तेव्हाच उत्तर देऊन ठेवलंय: कामगाराने शक्य तितक्या लवकर कळवावं, पण उशिराला सबळ कारण असेल, किंवा मालकाला दुसरीकडून कळलंच असेल, तर तेवढ्यावरून दावा बुडत नाही. जखमी कामगाराच्या हाताशी सूचना-वही ठेवायला मालकाला भाग पाडण्याची तरतूदही त्यातच होती.

मग अडतं कुठे? ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगात बोटं गमावलेल्या कामगारांसोबत काम करते. तिच्या अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट येते: कित्येकांच्या हातात ईएसआयचं कार्ड पडतं ते अपघात झाल्यावर. कायद्याने कामावरच्या इजेसाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, पण नावच नोंदवलेलं नसेल तर माणूस लागलं म्हणून सांगणार कुणाला? अशा ठिकाणी आधी उशीर मालकाकडून झालेला असतो.

इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. बर्लिनमध्ये सायकलवरून जेवण पोचवणारी आपली मुलं भेटतात, शिकायला आलेली. कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे काम, पावसात ट्रामच्या रुळावर चाक घसरतं, कोपर सोललेलं, आणि तोंडात तेच चाकणचं वाक्य, ‘सांगितलं तर उद्यापासून काम नाही.’ फेरबांडबुख यांच्यापर्यंत पोचत नाही.

मी ग्रुपवर एवढंच विचारलं, ‘त्या हेल्परचा ईएसआय नंबर काय?’

तासाभराने उत्तर आलं, ‘ठेकेदाराचा माणूस आहे रे. बघतो.’

आज चौथा दिवस.