तो कोसळलेला सांगाडा चांद्रयान नव्हता

‘आर्मस्ट्राँगचं चांद्रयान पृथ्वीवरच कोसळलं होतं, मग ते चंद्रावर उतरलं कसं?’ अशा मथळ्याखाली एक जुनी चित्रफीत फिरते आहे. चित्रफीत खरी आहे, मथळा खोटा.

दृश्य ६ मे १९६८ चं, ह्यूस्टनजवळच्या एलिंग्टन हवाई तळावरचं. त्यात दिसणारा नळ्यांचा उघडा सांगाडा सरावाचं वाहन होतं. आर्मस्ट्राँग ज्यातून चंद्रावर उतरले ते खरं यान, ‘ईगल’, पृथ्वीवर उडवून पाहणं शक्यच नव्हतं: वजन सुमारे १५ टन, आणि उतरण्याच्या इंजिनाचा जोर जेमतेम साडेचार टन पेलण्याइतका. चंद्राच्या एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात तेवढा पुरतो, इथे नाही. म्हणून या सांगाड्याच्या मधोमध एक उभं जेट इंजिन बसवलं होतं. ते पाच षष्ठांश वजन उचलून धरी, आणि उरलेला भार वैमानिक हायड्रोजन पेरॉक्साइडच्या छोट्या रॉकेटांवर सांभाळी. म्हणजे चंद्रावरचं वजन इथेच अनुभवायचं! कल्पना अफलातून, पण वाहन महाधोकादायक. अशा पाचांपैकी तीन कोसळली; तिन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन वाचले.

त्या दिवशी इंधन ढकलणाऱ्या हेलियमचा दाब गेल्याने दिशा सांभाळणारी छोटी रॉकेटं निकामी झाली. आर्मस्ट्राँग जमिनीपासून साठेक मीटरवर बाहेर पडले. दुखापत काय, तर जीभ चावली गेली.

चित्रफीत पसरवणारे पुढचं सांगत नाहीत. जून १९६९ मध्ये, उड्डाणाला महिना उरला असताना, आर्मस्ट्राँग पुन्हा अशाच वाहनावर सराव करत होते.