आकडा लागला का?

मुंबईत लोकलची ताजी खबर लोकांच्या मोबाइलवर असते. हिंदमाताला घोटाभर पाणी साचलं की त्याचा फोटो आधी येतो, पाऊस मागाहून. म्हटलं, या पोस्ट थेट आपल्या घरच्या डेस्कटॉपवर, व्हीएस कोडच्या (म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅमच्या) टर्मिनलमध्येच उतरवून घेऊ. काम करता करता कळेल, निघायचं की अजून एक चहा टाकायचा.

कोड पटकन झाला. अडलं ते परवानगीपाशी. ट्विटर आणि रेडिट, दोघांनीही २०२३ साली एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमने डेटा मागायच्या खिडकीला, दर लावले. म्हणून मी तिसऱ्याच एका नेटवर्कच्या दारात गेलो (नाव नको, परवानगी अजून त्यांच्याच हातात आहे). त्यांचा फॉर्म म्हणाला, डेटा कशासाठी हवा ते सविस्तर लिहा. ‘लोकल बघायला’ यात सविस्तर काय लिहिणार? मी ‘शहरी प्रवासाचा अभ्यास’ असं ठोकून दिलं.

या परवानगीच्या कारभाराला ओऑथ २.० म्हणतात. २०१२ चं मानक. सोसायटीचा वॉचमनच समजा. तो तुम्हाला घराची किल्ली देत नाही. मालकाला विचारतो आणि चिठ्ठी देतो: अमुक मजला, तमुक वेळेपर्यंत. ती चिठ्ठी म्हणजे टोकन. पण ती कुठल्या पत्त्यावर धाडायची ते आधी नोंदवावं लागतं, आणि तो पत्ता अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. नोंदीत ‘लोकलहोस्ट’, कोडमध्ये ‘१२७.०.०.१’. दोन्ही म्हणजे माझ्याच टेबलावरचा हाच डबा, पण वॉचमन ऐकेल तर शपथ. ते जुळवलं, तर शेवटची एक तिरकी रेघ आडवी आली. तीही काढली. टोकन मिळालं, भराभर विचारणा सुरू केली, आणि समोर ४२९. म्हणजे, फार विचारता बुवा, जरा दमानं.

मग वैतागून ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच नेटवर्ककडे वळलो. त्यांच्या जेटस्ट्रीम नावाच्या अखंड प्रवाहात सार्वजनिक पोस्ट टोकन न मागता मिळतात. वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) जोडलं आणि जगभरची बडबड धो धो यायला लागली. त्यातल्या भाषेच्या रकान्यात ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिलेल्या तेवढ्या ठेवल्या, तर पडद्यावर मराठीचं नाव नाही, नुसते आकडे. जेसन (डेटा मांडायची एक पद्धत) लिहिताना इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या यादीतल्या, क्रमांकात टाकायचं, ही माझा कोड ज्या भाषेत आहे त्या पायथनची मुळातली खोड. ‘लोकल’च्या जागी ०९३२, ०९४बी, ०९१५, ०९३२. काना-मात्रेचाही वेगळा आकडा. ही खोड एका सेटिंगने जाते, पण तोवर बाबा मागे येऊन उभे राहिले होते.

बाबांची हयात लालबागला गिरणीत गेली. चष्मा वर करून त्यांनी पडदा वाचला.

“ओपन काय आलाय?”

“बाबा, मटका नाहीये हा. अभ्यास आहे.”

“आमच्या खात्यात एक जण होता, वही भरभरून आकडे लिहायचा. तोही अभ्यासच म्हणायचा.”

घाईघाईने सेटिंग बदललं. आकडे गेले, देवनागरी उमटली: करी रोडला गाडीत पाय ठेवायला जागा नाही. मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. त्यांनी पोस्टच्या शेजारची वेळ वाचली. ०३:००. सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे ही सकाळी साडेआठची गोष्ट, हे मी समजावणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “रात्री तीनला लोकल? अरे, तेव्हा गाड्या कारशेडमध्ये असतात. जा, अंघोळ कर.”