निधी नवा, वाटप जुनंच

गोरगरिबांच्या आरोग्यासाठी निधी कुठून आणायचा, यावर संध्याकाळी आमच्या गप्पा चालल्या होत्या. साखरेच्या पेयांवरच्या कराचं नाव निघालं आणि मास्तर भडकले. "गोरगरिबाच्या तब्येतीसाठी पैसा हवा, म्हणून त्याच्याच खिशात हात घालायचा?"

वकील तयारच होता. "मास्तर, अमेरिकेतल्या बर्कली शहरात २०१४ साली लोकांनी मतदान करून हा कर लावून घेतला. औंसामागे एक सेंट."

"घेतला ना? मग पैसा गेला कुठे?"

पैसा गेला शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत. तो कुठे खर्चावा हे सुचवायला तज्ज्ञांची समिती होती, आणि शाळांतल्या पोषणाच्या कामांना, स्थानिक संस्थांना अनुदानंही मिळाली. पण समितीनं सल्ला द्यायचा, निर्णय नगर परिषदेचा. मास्तरांनी नेमकं तेच धरलं. "म्हणजे उद्या रस्त्यांकडे वळवला तरी अडवणार कोण?"

"अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरानं तर आधीच सांगितलं होतं," वकील म्हणाला. "२०१७ पासूनच्या त्यांच्या कराचा पैसा बालवाड्यांना, उद्यानांना, ग्रंथालयांना. लपवाछपवी नाही."

डॉक्टर इतका वेळ गप्प होता. हा गप्प बसला की समजावं, मोठं काहीतरी येतंय. "पैसा कुठून आणला यावर तुम्ही तासभर भांडाल. वाटायचा कसा, ते बोला. ज्युलियन ट्यूडर हार्ट म्हणून वेल्समधला एक डॉक्टर १९७१ सालीच सांगून गेलाय: जिथे उपचारांची गरज जास्त, तिथेच चांगले उपचार मिळायची शक्यता कमी. अनुदानाचंही तेच होतं. अर्ज मागवा, बघा काय होतं ते!"

मग त्यानं अर्जच उलगडून दाखवला. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, नोंदणीचा दाखला, कामाचा आराखडा, वर 'अपेक्षित परिणाम' आकड्यांत. घरोघरी फिरून रक्तदाब तपासणाऱ्या बायकांच्या गटाकडे यातलं असतं काय? एक वही. निधी जातो तो पगारी अर्जलेखक ठेवणाऱ्या संस्थेला. माझ्या मते सगळ्या संध्याकाळीत खरा मुद्दा हाच होता.

वकिलानं पोर्तो अलेग्रे काढलं. ब्राझीलमधल्या या शहरात १९८९ पासून बजेटचा काही भाग लोकांच्या सभांमधून ठरू लागला. कुठल्या भागाला किती, याचं सूत्रही होतं. सोयींची उणीव जितकी मोठी, तितके गुण जास्त.

"सभेला येतो कोण? ज्याचा आवाज मोठा तो," मास्तर.

"म्हणून तर सूत्र! आणि ब्राझीलमध्ये ज्या नगरपालिकांनी ही पद्धत घेतली, तिथे सांडपाणी आणि आरोग्यावरचा खर्च वाढला, बालमृत्यू घटले, असं अभ्यासात दिसलंय."

"गटारावर खर्च झाला म्हणून," डॉक्टर म्हणाला. "पण गटार बांधायचं नगरपालिकेनं आणि जुलाबाचे पेशंट कमी झाल्याची बचत दिसायची दवाखान्याच्या खात्यात. अशा ठिकाणी नगरपालिकेनं हात का सैल सोडावा? दोन्ही खात्यांनी मिळून एकच निधी काढला तरच जमेल."

वकील सावरून बसला. "ठीक. अर्धा निधी अर्ज न मागवता थेट सूत्रानं वाटायचा."

"आणि आकडेच नसलेल्या वस्तीला गुण किती?" मास्तरांनी विचारलं. "जिची कुठे नोंदच नाही, तिची उणीव मोजणार कशी?"

"नोंद नाही, हीच उणीव धरा. सर्वांत जास्त गुण तिलाच," डॉक्टर.

"लेखापरीक्षक मान्य करेल?" वकील म्हणाला, आणि भांडण पहिल्यापासून सुरू झालं.