वाढदिवस पोरांचा, मेन्यू कुणाचा?

वाढदिवस चार वर्षांच्या पोराचा आणि मेन्यू ठरतो बापाच्या मित्रांना काय आवडेल त्यावर. आपल्या कोल्हापुरात हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला वावगं वाटतच नाही. पावभाजी, पुलाव, नाहीतर मोठ्या पातेल्यात मिसळ. मोठी माणसं उभ्या उभ्या ताव मारतात. ज्याच्या नावानं फुगे टांगलेत तो आणि त्याची गँग वेफर्सच्या वाटीभोवती. मग आया ताटल्या घेऊन मागे पळतात, "एकच घास खा रे, एकच!" पोराच्या नव्या शर्टावर भाजीचा लाल डाग पडतो आणि वर बोलणी पण त्यालाच बसतात.

माझं म्हणणं साधं आहे. लहान मुलांच्या पार्टीत पदार्थ मुलाच्या मुठीत मावणारा पाहिजे. एका हातात धरता यावा, दोन घासांत संपावा, गळू नये, भाजू नये. मोठ्यांनी त्यातच भागवून घ्यावं. एक संध्याकाळ तर्री नाही मिळाली तर कुणाचं काही बिघडत नाही.

भाचीच्या वाढदिवसाच्या आधी हे बोलले तर वहिनी म्हणाली, "ताई, पावभाजी नाही ठेवली तर लोक काय म्हणतील हो?" मी म्हटलं, लोकांचा वाढदिवस आहे का? दादानं तेवढ्यात विचारलंच, "आणि नुसतं शाकाहारी? कोल्हापुरात?" हो, कोल्हापुरातच. तांबडा-पांढरा आपली शान आहे, मान्य. पण पोरीच्या वर्गातली निम्मी मुलं जैन आणि लिंगायत घरांतली. उरलेल्यांत कुणाचा गुरुवार, कुणाच्या आजीचा श्रावण. ज्या ताटातलं सगळ्यांना खाता येतं तेच ताट पार्टीत मांडावं. चार वर्षांच्या मुलानं प्रत्येक वस्तू उचलायच्या आधी आईच्या तोंडाकडे बघायचं, हे मला बघवत नाही.

आता वेळेचं. खरं तर मेन्यूपेक्षा इथंच जास्त घोळ असतो. कार्डावर सात लिहायचं, माणसं आठला येणार, कुणीतरी काका पोचेपर्यंत केक थांबवायचा आणि नऊला मेणबत्ती. त्या वयाची मुलं आठ-नऊला झोपणारी. भुकेनं आणि झोपेनं कावलेलं पोर केकसमोर भोकाड पसरतं आणि आपण म्हणतो, "आज काय झालंय याला?" काही झालेलं नसतं, भूक लागलेली असते. पार्टी पाचला ठेवा. आल्यावर अर्ध्या तासात खाणं, केक त्यानंतर. आधी केक दिला की क्रीमनंच पोट भरतं आणि वड्या ताटात तशाच राहतात. पाचच्या वेळेचा अजून एक फायदा असा, की ज्या जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवतात त्यांची मुलंही पोटभर खाऊन जातात. नाहीतर बिचारी ती नुसता रिटर्न गिफ्टचा डबा घेऊन घरी.

ठेवायचं काय? आपल्या स्वयंपाकघरात हातात धरून खायचं इतकं काही आहे, की बाहेरून नगेट्सची पाकिटं आणायची गरजच पडत नाही. माझ्या मते पहिला नंबर आप्प्यांचा. इडलीचंच पीठ, त्यात किसलेलं गाजर, कोथिंबीर, थोडं जिरं. गार झाले तरी मऊ राहतात, कडा कुरकुरीत, आकार गोल, त्यामुळे न खाणारं पोरही एक तरी उचलतंच. सोबत ओल्या नारळाची घट्ट चटणी, ताटलीत थेंबभर. पातळ चटणीची वाटी मुलांच्या हातात देऊ नये, ती आधी सतरंजीवर सांडते.

दुसरी कोथिंबीर वडी. हिचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रीजमध्ये ठेवता येतात. गार उंडा सुरीनं स्वच्छ कापला जातो, गरम कापलात तर भुगा. पाहुणे यायच्या तासभर आधी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या. आणि सुरळीची वडी. एक वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी. गुठळी न होऊ देता घोटत शिजवायचं आणि गरम असतानाच ताटाच्या पाठीवर पातळ पसरायचं. पसरायला उशीर झाला की ते घट्ट होतं, मग कितीही देव पाण्यात घाला. ही वडी दात नसलेल्यांनाही चालते, म्हणजे दीड वर्षाचं बाळ आणि पणजी दोघांनाही.

गोडात घारगे. लाल भोपळा किसून गुळाबरोबर शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, वेलदोडा. छोट्या पुऱ्या थापून तळायच्या. दोन दिवस सहज टिकतात, म्हणजे पार्टीच्या दिवशी एक काम कमी. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण अभिमानानं सांगतो, आणि मुलांच्या पार्टीत मात्र रंगीत साखरेच्या गोळ्या वाटतो. भोपळा म्हटलं की नाक मुरडणारी पोरं घारगे तीन-तीन खातात. भोपळा आहे हे सांगू नका म्हणजे झालं.

बटाटेवडा ठेवायचा असेल तर ठेवा, पण आपल्याकडचा मुठीएवढा नको. लिंबाएवढा करा आणि तळून किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा. वरून गार लागला तरी आतला बटाटा वाफ धरून बसलेला असतो, आणि मूल फुंकर मारत नाही, थेट चावा घेतं. जैन मुलं येणार असतील तर तेच सारण उकडलेल्या कच्च्या केळ्याचं करा, कांदा-लसूण आणि आलंही वगळून, जिरं-कोथिंबीर घालून. तेल वेगळं ठेवा आणि ते त्यांच्या आईला आपणहून सांगा. तिला विचारायचा संकोच वाटतो.

सँडविच करायचंच तर ब्रेडच्या दोन्ही कापांना आतून लोणी लावा. लोण्यामुळं काकडीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. मीठ चटणीतच असू द्या, काकडीवर वेगळं भुरभुरवू नका. कापून झाल्यावर वरून ओलं, पिळलेलं सुती फडकं. टूथपिक मात्र कशालाच टोचू नका. पनीरचे चौकोनी तुकडे टूथपिकवर फार छान दिसतात, फोटोत. पळणाऱ्या पोराच्या हातात ती सुई असते.

इथं थोडं गंभीर बोलते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, पॉपकॉर्न, कडक गोळ्या देऊ नयेत. या वयात मागच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, नीट चावणं जमत नाही, आणि श्वासनलिका अगदी अरुंद असते. दाणा घशातून चुकीच्या वाटेनं गेला तर श्वासच अडकतो. त्यामुळे आपलं लाडकं भडंग मोठ्यांच्या टेबलावर. दाणे हवेतच तर कूट वापरा. तासगावची द्राक्षं अख्खी देऊ नका, उभी चार फाकांत कापा. आडवी कापली तर गोल चकती राहते आणि ती तशीच अडकू शकते. गाजराचे कच्चे जाड तुकडेही नकोत, वाफवून द्या. आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. तो खाऊ नाही, पण तोंडात पहिला तोच जातो.

म्हणूनच माझा दुसरा हट्ट म्हणजे पंगत. सतरंजी अंथरा, मुलांना मांडी घालून बसवा, वाढा. पळत पळत खाणं हे घास अडकायचं मोठं कारण, आणि बसलेलं मूल उभ्या मुलापेक्षा दुप्पट जेवतं, हे कुठल्याही आजीला विचारा. एकदम ताट भरू नका. एक आप्पा, एक वडी, एक घारगा. संपलं की पुन्हा. बोलावणं करतानाच प्रत्येक आईला विचारा, शेंगदाणा, दूध, कशाची ॲलर्जी आहे का. आपल्याकडे दाण्याचं कूट कुठंही असतं, आपल्याला ते घातल्याचं आठवतही नाही.

तिखटाबद्दल. "आमचं पोरगं तांबडा रस्सा वाटीनं पितं" हे सांगणारे बाप मला माहीत आहेत. ते पोरगं नाक-डोळे पुसत पितं, हे ते सांगत नाहीत. आपल्या पोराला काय द्यायचं ते घरी ठरवा, दुसऱ्याच्या पोरावर प्रयोग नको. मुलांच्या पदार्थात मिरची वगळा, चव आलं, जिरं, ओवा, लिंबू यांनी आणा. कांदा-लसूण चटणीची वाटी मोठ्यांसाठी बाजूला ठेवा, ज्याला हवी तो घेईल.

केक बाहेरून आणणार असाल तर अंड्याचा आहे की बिनअंड्याचा, हे दुकानात तोंडानं विचारा. पाकीटबंद वस्तूवर हिरवी खूण बघा. अंडं असलेल्या पदार्थावर आपल्याकडे तपकिरी खूण येते. जेली आणि मार्शमेलोमध्ये बरेचदा जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. जेलीचा हट्टच असेल तर घरी चायना ग्रासची करा, तो समुद्री शेवाळाचा असतो.

प्यायला कोकम सरबत किंवा गोडसर ताक. ज्या गावात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून दूध देतात, त्या गावात पोरांच्या वाढदिवसाला रंगीत पाण्याच्या बाटल्या? (धारोष्णाचा नाद मात्र मुलांसाठी नको. दूध उकळूनच द्या, हवं तर वेलदोडा-केशर घालून गार करून.)

सगळं घरी करायला वेळ नसतो हे मला कळतं, नोकरी मीही करते. आपल्याकडे पेठापेठांत वड्या, आप्पे, घारगे करून देणाऱ्या बायका आहेत. दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर मापही लहान करून देतात. फक्त मिरची अजिबात घालू नका, असं स्पष्ट सांगा. नुसतं "कमी तिखट" म्हणालात तर कोल्हापुरी कमी तिखट येईल, आणि मग ते आपल्यालाच संपवावं लागेल.