वरातीमागून पाच घोडे

चढावर मला एका टेम्पोने मागे टाकलं. एवढ्याने मी खचलो नसतो, पण त्या टेम्पोत एक लोखंडी कपाट उभं बांधलेलं होतं आणि कपाटाच्या दाराला आरसा होता. त्या आरशात मला माझीच गाडी दिसत होती, हळूहळू लहान होत जाणारी. स्टिअरिंगला छातीने रेटा देणारा मी, शेजारी बायको, मागे आई आणि मुलगा, असा आमचा सगळा संसार वळणापर्यंत बोटाएवढा झाला आणि नाहीसा झाला.

"कपाट छान होतं," आई म्हणाली.

त्या रात्री मी गाडीचं माहितीपुस्तक उघडलं. 1200 सीसी, चार सिलिंडर, 82 पीएस. गाडी घेताना हा आकडा मी वाचला असणार, पण तेव्हा माझं सगळं लक्ष रंगात होतं. पीएस हा जर्मन घोडा, साधारण 735 वॉटचा. जेम्स वॉटच्या हिशेबातला मूळ घोडा 746 वॉटचा. म्हणजे माझे घोडे आधीच अंगाने किरकोळ. शिवाय वॉटने हे माप बांधलं ते वाफेच्या इंजिनाची तुलना दिवसभर राबणाऱ्या घोड्याशी करता यावी म्हणून. खरा धडधाकट घोडा थोडा वेळ जिवाच्या आकांताने ओढायला लागला तर पंधराएक हॉर्सपॉवर काढतो. त्या हिशेबाने माझ्या बॉनेटखाली जेमतेम साडेपाच घोडे, आणि तेही इंजिन सहा हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेरे मारत, किंचाळत असताना. त्या चढावर त्यातले किती जागे होते कोण जाणे.

मी ठरवलं, पाच वाढवायचे. रेसिंगबिसिंग नाही. कपाटाच्या पुढे राहता आलं की पुरे.

सुरुवात एअर फिल्टरने केली, कारण सगळे त्यानेच करतात. कागदी फिल्टर काढून तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर बसवायचा. इंजिन मोकळा श्वास घेतं म्हणे. बसवल्यावर पहिल्याच वळणावर घसघशीत फरक जाणवला. गाडी अक्षरशः उडी मारत होती. हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मुलाने "मोजून बघू या" असं म्हणून घात केला.

मोजण्याची पद्धत अशी ठरली: मोकळा सरळ रस्ता, तिसरा गिअर, 30 पासून 80 पर्यंत किती सेकंद लागतात ते बघायचं. घड्याळ बायकोच्या हातात. जुना फिल्टर, 11.4 सेकंद. नवा फिल्टर, 11.6.

"तू उशिरा दाबलंस," मी म्हणालो.

"मी बरोबर दाबलं. तुझी गाडी उशिरा आली."

पुढच्या आठवड्यात डॅशबोर्डवर केशरी दिवा लागला. फिल्टर धुतल्यावर त्याला तेल लावायचं असतं. मी ते, आपलं इंजिन आहे, हात आखडता कशाला, म्हणून चोपडलं होतं. ते जादा तेल हवेबरोबर आत गेलं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं. आईला मात्र त्या दिव्यातलं इंजिनाचं चित्र वेगळंच दिसलं. "अरे," ती म्हणाली, "गाडीत कासव लागलंय."

सेन्सर साफ करून घेतला आणि सायलेन्सरकडे वळलो. जळका वायू अडखळत बाहेर गेला तर नवी हवा आत येणार कुठून, हा युक्तिवाद मला फारच पटला होता. नवा मोकळा सायलेन्सर बसवला. घड्याळात 11.3. पण अडीच हजार आरपीएमला, म्हणजे नेमक्या आमच्या नेहमीच्या वेगाला, गाडीच्या पोटातून असा घुमणारा आवाज यायचा की आईने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. बायकोने बोलणं बंद केलं, आणि ते आवाजामुळे की माझ्यामुळे हे मी विचारलं नाही. वेळेची खरी बचत एकाच ठिकाणी झाली. मी कोपऱ्यावर असतानाच आमचा वॉचमन गेट उघडायला धावायचा. तिथे रोजचे दहा सेकंद वाचत होते. ते मी हिशेबात धरायला तयार होतो, पण शेजारच्या तान्ह्या बाळाची आई तयार नव्हती. जुना सायलेन्सर परत बसला.

मग लॅपटॉपवाला. इंजिनाचा ताबा असलेल्या छोट्या संगणकात, म्हणजे ईसीयूत, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची याची कोष्टकं असतात. ती बदलली की ताकद वाढते. माणूस भलताच प्रामाणिक निघाला. बॉनेट उघडून आत बघून म्हणाला, "साहेब, हिला टर्बो नाही. टर्बो असता तर हवेचा दाब वाढवून मजा दाखवली असती. ही बिचारी जेवढी ओढता येते तेवढीच हवा ओढते. पाच टक्के मिळाले तर मिळाले. आणि वॉरंटी असेल तर विसरा." वॉरंटी कधीच संपली होती. 82 चे पाच टक्के, म्हणजे चार घोडे. फिल्टरचा एक, माझ्या श्रद्धेतला. पाच भरले!

जाताना त्याने सांगितलं की आता जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाका. हे मला आधी नीट ठाऊक नव्हतं: ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, सोशिकपणा. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडेपर्यंत आपणहून भडकायचं नाही, हा त्याचा गुण. जे इंजिन मुळात दाबत नाही, त्याला महाग पेट्रोल पाजून काही होत नाही. या व्याख्येप्रमाणे आमच्या घरात सर्वांत जास्त ऑक्टेन बायकोचा. पण त्या आठवड्यात तोही संपत आलेला दिसत होता.

मुलाने नववीच्या वहीत हिशेब मांडला. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे सहा टक्के ताकद वाढवली तर टॉप स्पीड वाढणार दोन टक्के. 150 चे 153. "बाबा, तू कधी 150 ने गेलायस?" मी 95 ला आईच्या "हळू" ने थांबतो. म्हणजे मी असे तीन किलोमीटर विकत घेतले होते, जे वापरायला आधी मला आईला उतरवावं लागणार होतं.

आणि तरीही चढावर गाडी तशीच. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना. शेवटी आमच्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. या सगळ्या प्रकरणात त्याला मी मुद्दाम टाळत होतो, कारण तो हसतो. त्याने माझी पाच घोड्यांची कहाणी शांतपणे ऐकली आणि बॉनेटला हातही न लावता चारही चाकांजवळ तळहात धरत गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. पुढच्या डाव्या चाकापाशी थांबला.

"साहेब, हे तापलंय."

जॅक लावून उजवं चाक हाताने फिरवलं. ते गरगर फिरलं. डावं फिरवलं. ते अर्धा फेरा फिरून सरकारी फायलीसारखं थांबलं. ब्रेकच्या कॅलिपरची पिन जाम झाली होती आणि पॅड डिस्कला सोडतच नव्हता. किती महिने, ते त्याला पॅडच्या झिजेवरून सांगता येत होतं. मी ते विचारलं नाही. म्हणजे इतके दिवस मी एका बाजूने नवे घोडे जुंपत होतो आणि दुसऱ्या बाजूने एका चाकाचा लगाम ओढून धरला होता. त्याने टायरमधली हवाही बघितली. 33 पाहिजे तिथे 24. ती शेवटची कधी भरली, यावर घरात एकमत होऊ शकलं नाही.

पिन साफ करून, ग्रीस लावून, नवे पॅड टाकून, ब्रेक ऑइल बदलून (ते हवेतलं पाणी शोषतं, तेही ठराविक काळाने बदलायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं) गाडी हातात देताना तो म्हणाला, "आणि डिकी रिकामी करा." तेव्हा तो हसला.

डिकीत दोन छत्र्या, तिसऱ्या छत्रीची काठी, सतरंजी, पाण्याचे दोन भरलेले कॅन, रद्दीत द्यायचे म्हणून ठेवलेले पेपर, कुणाचा तरी डावा बूट आणि आईने "असू दे" म्हटलेलं एक शिलाई मशीनचं पायडल होतं. मुलाने मला एकेक वस्तू धरून वजनकाट्यावर उभं केलं आणि दर वेळी माझं वजन वजा केलं. शेवटी मोठ्याने निकाल वाचला: "डिकीत 31 किलो. बाबा 93."

"मग काय उतरवायचं ते ठरवा," बायको म्हणाली.

शेवटची मोजणी 10.1 सेकंदांची आली. मी विजयाची मूठ वळली, तेवढ्यात बायकोच्या लक्षात आलं की एसी बंद आहे. तिने लावला आणि पुन्हा मोजायला सांगितलं. 10.8. मग तिने पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या मोजण्या आठवून सांगितल्या: 11.4 ला एसी बंद होता कारण सकाळ होती, 11.6 ला चालू होता कारण आई होती. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि काही घोडे सरळ खातो. किती खातो? अंदाजे, मी आणले तेवढे. म्हणजे माझा सगळा उद्योग गाडीत पहिल्यापासून होता. त्याला एक बटण होतं आणि त्यावर बर्फाचं चित्र होतं.

परवा त्याच चढावर पुढे एक टेम्पो लागला. या वेळी गाद्या होत्या, आरसा नव्हता. रस्ता मोकळा दिसला, इंडिकेटर दिला. मी काही म्हणायच्या आत बायकोने हात पुढे करून एसी बंद केला.

"सोड तुझे घोडे," ती म्हणाली.

टेम्पो मागे पडला. तिने एसी लावला. "बांध."

आई मागून म्हणाली, "गाद्या काही खास नव्हत्या."