गुरुजी, तुमचं कलम 27 पाठ आहे ना?

कोण म्हणतं शिक्षकांना कायदा येत नाही? वरिष्ठ वेतनश्रेणी 12 वर्षांनी, निवडश्रेणी 24 वर्षांनी, हे तुम्ही झोपेतही सांगाल. महागाई भत्त्याचा जीआर निघतो न निघतो तोच स्टाफच्या ग्रुपवर येऊन पडलेला असतो. एवढं ज्ञान पुष्कळ झालं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं एकच कलम पाठ असू द्या : 27, अशैक्षणिक कामांना मनाई. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळली आहे, हा शेपटाकडचा भाग मात्र मोठ्यानं वाचू नका. त्याला लागूनच 28 आहे, शिक्षकानं खासगी शिकवणी घेऊ नये असं सांगणारं. संध्याकाळची बॅच सुटल्यावर सवडीनं बघा.

कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे. म्हणजे छडी कपाटात ठेवून 'तुझ्या बापानं तरी शाळा पाहिली होती का?' असं भर वर्गात विचारणं, ही आपली जुनी सोयसुद्धा गेली. फी थकलेल्या पोराचा दाखला अडवायचीही सोय नाही. आठवीपर्यंत मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, उशीर केला तर कारवाई त्याच्यावरच. आणि दाखल्यावाचून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तरी अडवा. पालकांना कुठं कलम 5 माहीत असतं!

आता पोक्सो, 2012 चा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. एखादी मुलगी मधल्या सुट्टीत बाईंजवळ येऊन काही सांगू लागली, तर बाईंनी मुख्याध्यापकांना सांगावं, त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना. मग एक समिती नेमावी, मुलीला पाच जणांपुढं पाचदा तेच बोलायला लावावं, आणि आईला चहा पाजून 'उद्या हिचं लग्न व्हायचंय' याची आठवण द्यावी. कायद्याचं म्हणणं फार रूक्ष आहे : गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं. पुरावा गोळा करणं हे शिक्षकाचं काम नव्हे. सद्भावनेनं कळवणाऱ्याला कलम 19 संरक्षण देतं. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. शाळेचं नाव मात्र राखलं जातं, निदान वर्तमानपत्रात येईपर्यंत.

राहिला तुमचा स्वतःचा कायदा, खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा 1977 चा. हा तर अजिबात उघडू नका. रुजू होताना संस्थाचालकांनी कोऱ्या कागदावर सही मागितली की द्या. घरचीच तर माणसं! कलम 7 प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहायचा असतो, दोन्हींवर सही-तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टानं धाडायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची. पुढं एका सकाळी त्या कोऱ्या कागदाचा राजीनामा झालेला आणि हजेरीपटावरून तुमचं नाव गेलेलं दिसेल. शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करायला 30 दिवस मिळतात. ते अध्यक्षांच्या ओसरीवर बसून काढा, ते नक्की 'बघू' म्हणतील. एकतिसाव्या दिवशी वकील गाठा. उशीर माफ करून घेण्याच्या अर्जाचे वेगळे पैसे सांगून झाले की ते विचारतील, "सर, राजीनाम्याची तुमच्याकडची प्रत कुठं आहे?"