आधी उत्तर सांगा

संगणकाकडून उत्तर हवं असेल तर आधी ते आपणच त्याला सांगावं लागतं, हे मला सिव्हिलच्या चार वर्षांत कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही. अगदी दशांशापर्यंत नको, पण साधारण किती असेल, कुठल्या बाजूला असेल, एवढं तरी सांगा म्हणतो. याला म्हणायचं 'सुरुवातीचा अंदाज'. अंदाज बरा असेल तर गडी पाच-सात फेऱ्यांत मोकळा. बरा नसेल तर शेकड्यांनी फेऱ्या मारतो आणि शेवटी असं काही बोलतो की चूक आपलीच होती असं वाटावं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याच्यासमोर त्या वेळी अरेषीय, म्हणजे सरळ रेषेत न चालणारी, समीकरणंच पडलेली असणार. वधूवरांचं नाव उगाच पुढे केलं.

मी पाणीपुरवठा योजनांचं डिझाइन करणाऱ्या एका लहानशा कन्सल्टंटकडे नोकरी करते. योजनेचं गाव सातारा जिल्ह्यातलं. एका बाजूला चढ आहे, चढावर वरची आळी आहे आणि वरच्या आळीला पाणी पोचत नाही. बाकी तपशिलाची गरज नाही. महाराष्ट्रात असं गाव ओळखायला यापेक्षा जास्त माहिती लागते.

एरवी हे काम एपानेट करतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली काढलेलं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, सगळं जग वापरतं. नकाशावर पाइप काढायचे, व्यास भरायचे, बटण दाबायचं. पण आमच्या अहवालावर तपासणीत शेरा आला : 'सॉफ्टवेअरचे निष्कर्ष जोडलेले आहेत, आकडेमोडीची पद्धत जोडलेली दिसून येत नाही.' सर माझ्याकडे वळून म्हणाले, "एकदा समीकरणं मांडून सोडवून दाखव आणि परिशिष्टात घाल. गणितच तर आहे."

गणितच तर आहे! हे वाक्य नेहमी तोच माणूस म्हणतो ज्याला ते करायचं नसतं.

मांडणी अवघड नव्हती. २३ पाइप आणि १८ नोड, म्हणजे पाइप जुळतात किंवा संपतात ती ठिकाणं. प्रत्येक पाइपमधला प्रवाह अज्ञात, प्रत्येक नोडवरचा हेड (पाणी किती उंचीपर्यंत चढू शकेल ते, मीटरमध्ये) अज्ञात, म्हणजे एकूण ४१. प्रत्येक नोडसाठी एक समीकरण : जेवढं पाणी आलं तेवढं कुठेतरी गेलं पाहिजे. ही १८ समीकरणं सज्जन आहेत. उरलेली २३ पाइपांची. पाइपातून पाणी जाताना घर्षणाने हेड कमी होतो आणि किती कमी होतो ते प्रवाहाच्या १.८५२ व्या घातावर अवलंबून असतं. हे हेझन-विल्यम्सचं सूत्र. इथे १.८५२ ऐवजी १ असता तर एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, उलटवून मी साडेसहाच्या बसने घरी गेले असते. निदान २ असता तरी दिसायला बरं दिसलं असतं. पण निसर्गाला १.८५२ हाच आकडा आवडला, किंवा निसर्ग मोजणाऱ्यांना आवडला, आणि तेव्हापासून पाणीवाल्यांच्या दोन-चार पिढ्या तो पाठ करत आल्या आहेत.

असली समीकरणं सोडवायची पद्धत न्यूटन-रॅफसनची : अंदाज धरायचा, वक्राच्या उतारावरून तो दुरुस्त करायचा, पुन्हा तेच. न्यूटनने उदाहरणादाखल घेतलेलं समीकरण प्रसिद्ध आहे : क्ष चा घन, वजा २ क्ष, वजा ५, बरोबर शून्य. त्याने अंदाज केला २, दुरुस्त्या करत गेला आणि पोचला २.०९४५ च्या आसपास. एक अज्ञात, अंदाज जवळजवळ बरोबर, आणि माणूस न्यूटन. यात कसलं आलंय कौतुक? रॅफसनने १६९० मध्ये ही पद्धत सुटसुटीत करून छापली. पण एकापेक्षा जास्त समीकरणांना ती लावून दाखवली १७४० मध्ये टॉमस सिम्पसनने. ज्याच्या नावाच्या नियमाने आम्ही मातीकामाचं घनफळ काढतो तोच हा सिम्पसन. गंमत म्हणजे तो नियम त्याच्या आधीपासून लोकांना माहीत होता. म्हणजे जे याचं नव्हतं त्याला याचं नाव लागलं आणि जे याचं होतं ते न्यूटनच्या खात्यावर जमा झालं. सरकारी खात्यात काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

मी ऑक्टेव्ह नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यूटनची पद्धत लिहिली. सुरुवातीचा अंदाज काय द्यायचा? माणसाला काही माहीत नसलं की तो शून्य सांगतो. मी सगळीकडे शून्य दिलं. लगेच उत्तर आलं : मॅट्रिक्स सिंग्युलर आहे, म्हणजे उलटवता येत नाही. कारण प्रवाह शून्य असला की १.८५२ घाताच्या वक्राचा उतारही शून्य, आणि न्यूटनची सगळी मदार उतारावर. पाणी झाडासारखं फांद्याफांद्यांनी गेलं असतं तर शून्यावरही भागलं असतं. पण आमच्या जाळ्यात पाच लूप, म्हणजे फिरून त्याच जागी येणारे पाइपांचे फेरे, होते आणि लूपमध्ये पाणी इकडून जाईल की तिकडून, हे ठरवायला यंत्राला काही आधारच नव्हता.

बरं, मग सगळीकडे एक. एक म्हणजे निरुपद्रवी आकडा, नाही का? माझी एककं घनमीटर आणि सेकंद. एक घनमीटर पाणी १०० मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदात न्यायचं तर त्याचा वेग होतो सेकंदाला १२७ मीटर, ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वर. या वेगाने पाणी साताऱ्याहून पुण्याला खंबाटकीसकट पंधरा मिनिटांत पोचेल. पाइपाचं काय होईल ते विचारू नका. न्यूटनसाहेबांनी मात्र तक्रार केली नाही. त्यांनी या वेगावरून पुढची दुरुस्ती काढली, एका पाइपमधला प्रवाह उणे झाला, आणि पुढच्या फेरीत पडद्यावर जे आलं ते बघून मी खुर्ची मागे सरकवली.

प्रवाहांच्या आकड्यांपुढे 'आय' लागला होता. हो, तोच आय. उणे एकचं वर्गमूळ.

पुस्तकातल्या सूत्रात प्रवाहाचा १.८५२ वा घात आहे. पुस्तकात पाणी नेहमी पुढेच वाहतं. लूपमध्ये ते उलटंही वाहू शकतं आणि तेव्हा प्रवाह उणे होतो. उणे पाचचा १.८५२ वा घात ऑक्टेव्हला विचारा. तो शांतपणे सांगतो, १७.६१ वजा ८.८३ आय. जराही संकोच नाही. म्हणजे आमच्या प्रस्तावित योजनेत काही मीटर हेड खरा होता आणि काही काल्पनिक. सरांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वरच्या आळीला हे दुसरंच जातं वाटतं."

याला उपाय आहे आणि तो साधा आहे : घात प्रवाहाच्या निरपेक्ष किमतीचा ०.८५२ वा घ्यायचा आणि त्याला प्रवाहानेच गुणायचं, म्हणजे चिन्ह आपोआप सांभाळलं जातं. काल्पनिक पाणी बंद झालं. मग घरची न्यूटनगिरी ठेवून ऑक्टेव्हमधलं एफसॉल्व्ह हे समीकरणं सोडवायचं तयार फंक्शन वापरलं. त्याने निरोप म्हणून फक्त एक आकडा दिला : उणे तीन. मदतपुस्तिकेत उणे तीनचा अर्थ असा की आपण ज्या परिसरावर विश्वास ठेवून पाऊल टाकत होतो तो आकसून नाहीसा झाला. इतकं करुण वाक्य मी तांत्रिक पुस्तिकेत दुसरं वाचलेलं नाही. पायथनकडे गेले तर तिथला एफसॉल्व्ह म्हणाला, गेल्या दहा फेऱ्यांतली सुधारणा पाहता प्रगती समाधानकारक नाही. पालकांची सही तेवढी मागितली नाही. मुंबईची एक मैत्रीण मेपल हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरते. ती म्हणाली, तुझं बरं, काहीतरी बोलतो तरी. आमच्याकडे उत्तर सापडलं नाही की तो आपण विचारलेला प्रश्नच जसाच्या तसा परत छापतो. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटली. 'आपला अर्ज मूळ प्रतीत परत.'

घरी नवऱ्याने विचारलंच, "एक्सेलमध्ये होत नाही का?" बँकेतल्या माणसाशी लग्न केलं की हा प्रश्न मंगळसूत्राबरोबर येतो. एक्सेलमध्ये गोल सीक नावाचं उत्तर शोधायचं साधन आहे, ते एका वेळी एकच अज्ञात घेतं, आणि जमलं नाही तर 'उत्तर कदाचित सापडलं नसावं' असं म्हणतं. कदाचित! सापडलं की नाही, एवढं तरी तुला माहीत असावं ना बाबा?

कॉलेजात आम्ही हेच जाळं हार्डी क्रॉसच्या पद्धतीने हाताने सोडवायचो. इलिनॉय विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने १९३६ साली ती दिली. एकेक लूप घ्यायचा, त्यातल्या प्रवाहात दुरुस्ती करायची, पुढच्या लूपला जायचं, मग आधीचा बिघडलेला असतो म्हणून परत यायचं. परीक्षेत दोनच लूप असायचे आणि पहिले प्रवाह आपणच गृहीत धरायचे. ते कशावरून धरायचे हे कुणी विचारत नसे, कारण प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावरच 'अस्यूम सुटेबल डेटा' असं छापलेलं असे. आम्ही ती सवलत समजायचो.

एफसॉल्व्हच्या रुसव्याचं खरं कारण एका रात्री छापील आकड्यांकडे बघताना दिसलं. प्रवाह ०.००४, लगेच खाली हेड ६४१. प्रवाह घनमीटरमध्ये, हेड समुद्रसपाटीपासून. हेडमध्ये एक मीटरचा फरक म्हणजे यंत्राला किरकोळ आणि प्रवाहातला तोच एक म्हणजे खंबाटकी घाट. दोघांना एकाच मापाच्या पावलाने चालवायचं तर ते अडखळणारच. मी प्रवाह लिटरमध्ये घेतले, हेड उंच टाकीच्या तळापासून मोजले, सगळे आकडे एकमेकांच्या तोंडाला तोंड देण्याइतके झाले. राहिला अंदाज.

त्यासाठी गावात गेले, म्हणजे गेलेच होते टाकीची उंची तपासायला. तिथल्या वॉलमन मामांना विचारलं, "मामा, देवळामागच्या लाइनला पाणी कुठून येतं? पेठेकडून की शाळेकडून?"

"सकाळी शाळेकडून. पेठेतल्यांनी मोटारी लावल्या की मग उलटं."

"किती येतं?"

"हंड्यात सांगू का बादलीत?"

मी नकाशा पसरला आणि ते एकेका लाइनीवर बोट ठेवत सांगत गेले. इथे जोर आहे, इथे नुसती धार, इथे पाणी नाही नुसती हवा, मीटर लावला तर हवेचं बिल येईल. मी बाण काढत गेले आणि धारेचे लिटर मनानेच ठरवले. शेवटी त्यांनी विचारलं, "हे सगळं मीच सांगायचं, तर मग कॉम्प्युटर काय करतो मॅडम?"

"तपासतो, मामा."

मामांचे काही बाण साफ उलटे होते हे नंतर कळलं, पण न्यूटनला तेवढं चालतं. सहाव्या फेरीला सगळी ४१ समीकरणं जुळली. अठराच्या अठरा नोडांवर आवक-जावक बरोबर, पाचही लूपांचा हिशेब पूर्ण, चूक दशांशाच्या आठव्या घरात. एपानेटच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, जुळले. आणि वरच्या आळीच्या टोकाला दाब आला उणे ४ मीटर.

सर म्हणाले, "उणे कसा? परत चालव."

परत चालवलं तरी उणे चारच येणार, कारण उत्तर बरोबर होतं. समीकरणात लिहिलं होतं की त्या नोडवरून ठरलेलं पाणी निघणारच. दाब आहे की नाही हे समीकरण विचारत नाही. मग ते पाणी ओढून घ्यायला जेवढा उणे दाब लागतो तेवढा ते दाखवतं. प्रत्यक्षात तिथे नळ नुसता सुस्कारा टाकतो आणि ज्यांच्याकडे मोटार आहे ते ओढतात. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा पुस्तिकेत एकमजली घरांसाठी ७ मीटर दाब सांगितला आहे, दुमजलीला १२. सर म्हणाले, "तिथे सात यायला पाहिजे. साडेसात आला तर उत्तम. आणि एस्टिमेट वाढता कामा नये."

उत्तर मिळालं! आता फक्त गणित करायचं राहिलं. वरच्या आळीचा पाइप एका मापाने मोठा केला की दाब वाढतो आणि रक्कम वाढते. रक्कम कमी करायला पेठेतला पाइप लहान केला की पेठेत दाब पडतो, आणि पेठेत नगरसेवक राहतात. अखेर टाकीच उंच दाखवली. ती दुसऱ्या हेडखाली येते, पाण्याच्या नव्हे, खर्चाच्या.

परिशिष्ट जोडून अहवाल गेला. उलट टपाली नवा शेरा : 'परिशिष्ट क मधील प्रवाहांच्या प्रारंभिक अंदाजाचा आधार नमूद करावा.' एपानेटला हे कुणी विचारत नाही. एपानेट आपलं प्रत्येक पाइपात पाणी सेकंदाला एक फूट वेगाने चाललंय असं ठोकून देऊन सुरुवात करतं, पुस्तिकेत तसं लिहिलेलंच आहे, आणि त्याचा आधार कुठल्याही परिशिष्टात नसतो. पण ते अमेरिकेचं आहे.

मी उत्तर लिहिलं : 'स्थळपाहणी व स्थानिक चौकशीअंती.' तीन दिवसांत मंजूर.